सगळ्यांना म्हणता येईल असे गाणे

आजचा विषय जरा लांबचा आहे. अडीच हजार वर्षे मागचा आणि समुद्रापलीकडचा. पण फिरून फिरून तो आमच्या एटापल्लीलाच येऊन थांबणार आहे, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा ही विनंती. मास्तरकीची सवय आहे, पाल्हाळ होणारच!

बी.ए.ला मी मराठी वाङ्मय घेतले होते. साहित्यशास्त्राच्या पेपरला अ‍ॅरिस्टॉटल होता. त्याचे काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणले, त्यामुळे आमच्यासारख्या मराठी माध्यमाच्या पोरांची मोठी सोय झाली. त्यात अ‍ॅरिस्टॉटल एके ठिकाणी सांगतो की, शोकांतिका हा नाट्यप्रकार डिथिरॅम्ब गाणाऱ्यांच्या म्होरक्यांपासून निघाला. डिथिरॅम्ब म्हणजे काय? तर ‘डायोनायसस देवाची समूहगीते’. एवढे आम्ही वहीत उतरवून घेतले, परीक्षेत लिहिले, मार्क मिळाले, विषय संपला.

पुढे नोकरीच्या निमित्ताने एटापल्ली भागात आलो. तेव्हा गडचिरोली जिल्हा झालेला नव्हता (तो झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी), आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातच होतो. जुनी माणसे तर चांदाच म्हणत. इथे गावोगावी माडिया लोकांचा रेला ऐकला, पाहिला, आणि वहीतल्या त्या एका ओळीत केवढे काय होते ते हळूहळू कळू लागले. निवृत्तीनंतर वेळच वेळ. ग्रीकांच्या या गाण्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्यातून माझे एक मत तयार झाले आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या वाचकांची सुटका होईल. शब्द विसरले म्हणून समूहाचे गाणे मरत नाही. म्हणणारे एकीकडे आणि ऐकणारे दुसरीकडे अशी फाळणी झाली, की ते मरते. ग्रीसमध्ये हे घडून गेले. आमच्याकडे घडते आहे.

आता सावकाश.

डायोनायसस हा ग्रीकांचा द्राक्षांचा, मद्याचा, बेभान होण्याचा देव. त्याच्या उत्सवात माणसे गोल रिंगण करून नाचत आणि गात. सोबतीला ऑलॉस नावाची जोडपावरीसारखी दोन नळ्यांची सुषिर वाद्ये. इसवीसनपूर्व सातव्या शतकातला आर्किलोकस हा कवी या गाण्याची आणि मद्याची सांगड घालतो, म्हणजे प्रकार तेव्हाही जुनाच असणार. हेरोडोटस सांगतो की, कॉरिंथ शहरात पेरिअँडरच्या राज्यात, म्हणजे साधारण इ.स.पू. ६०० च्या सुमारास, एरिऑन नावाच्या गायकाने या गाण्याला बांधीव रूप दिले आणि लोकांना ते शिकवून बसवले. मग अथेन्समध्ये इ.स.पू. ५०९ च्या सुमारास त्याच्या स्पर्धा सुरू झाल्या.

स्पर्धेचा थाट वाचण्यासारखा आहे. अथेन्सच्या नागरिकांचे दहा गण पाडलेले होते. प्रत्येक गणाने पन्नास पुरुषांचे एक आणि पन्नास मुलग्यांचे एक अशी दोन रिंगणे उभी करायची. दहा गुणिले शंभर, म्हणजे दरवर्षी वसंतातल्या त्या एका उत्सवात हजार माणसे गाणार! आणि ही काही कलावंत मंडळी नव्हेत. कुंभार, शेतकरी, व्यापारी, त्यांची पोरे. महिनोन्‌महिने तालीम चालायची. खर्च गणातल्या एखाद्या श्रीमंताने उचलायचा. पिंडार, सिमोनिडीस, बॅकिलिडीस असे पहिल्या प्रतीचे कवी त्यांच्यासाठी गाणी रचून देत. सिमोनिडीस तर छप्पन्न वेळा जिंकला असे परंपरा सांगते. पण बक्षिसाची तिवई मिळायची ती गणाला.

नोंदवून ठेवण्यासारखी एक गोष्ट म्हणजे या गाण्याला ग्रीक लोक ‘गोल कोरस’ म्हणत. शोकांतिकेतला कोरस मात्र चौकोनी रांगांत उभा राहायचा. हा गोल आणि चौकोनाचा भेद पुढे लागणार आहे.

डिथिरॅम्ब या शब्दाचा अर्थ काय, हे खुद्द ग्रीकांनाही माहीत नव्हते. ‘दोन दारांतून आलेला’ अशी एक व्युत्पत्ती त्यांनी लावली होती, कारण डायोनायसस दोनदा जन्मला अशी कथा आहे. आजचे भाषाशास्त्रज्ञ ती मानत नाहीत. शब्द ग्रीकांच्याही आधीच्या कुठल्यातरी भाषेतला असावा असे ते म्हणतात. रेल्याचेही काहीसे तसेच आहे. तेलुगूत बहाव्याच्या झाडाला रेला म्हणतात, आणि काही जण गाण्याचे नाव तिथपर्यंत नेऊन भिडवतात. गाणाऱ्या बाईला विचाराल तर ती हसते. रेला म्हणजे रेला. जे पुन्हापुन्हा म्हणायचे, ज्यावर सगळ्यांनी यायचे, ते.

ज्यांनी रेला पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लग्न असो, पंडुम म्हणजे सण असो, गोटुलासमोरच्या मोकळ्या जागेत माणसे जमतात. हातात हात किंवा एकमेकांच्या कमरेला, खांद्याला हात घालून साखळी होते, साखळीचे रिंगण होते. कधी बायांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. एक गट ओळ उचलतो, दुसरा ती झेलतो. ओळ लहान, चाल दोन-चार सुरांची, पाऊल मोजके. ढोल असला तर उत्तम, नसला तर पावलांचाच ठेका. आणि हे तासन्‌तास चालते. मधूनच एखादी म्हातारी उठून साखळीत शिरते, एखादे पोर झोप आली म्हणून गळून पडते, पण साखळी तुटत नाही.

शहरातून आलेल्या पाहुण्यांची यावर दोन मते ठरलेली. पहिले, ‘फार एकसुरी आहे हो!’ आणि दुसरे, जरा आवाज खाली घेऊन, ‘रात्रभर मोहाची पितात आणि धिंगाणा घालतात.’

दुसरे आधी घेतो. मोह असतो, नाही कशाला म्हणू? मोहफुले चैत्राच्या आगेमागे गळतात, आणि अथेन्समधला डायोनायससचा मोठा उत्सवही मार्च-एप्रिलमध्येच येत असे. पण धिंगाणा हा शब्द मला साफ नामंजूर आहे. चाळीस-पन्नास माणसांची पावले रात्रभर एका ठेक्यात पडणे हे नुसत्या नशेचे काम नाही. नशेत माणूस पडतो. साखळीत दोन्ही बाजूंचे हात त्याला पडू देत नाहीत. इंग्रजीत उत्साहाला जो एन्थुझिआझम शब्द आहे, त्याचा मूळ ग्रीक अर्थ ‘देव आत असणे’. म्हणजे आपले अंगात येणे! आणि एक्स्टसी म्हणजे ‘स्वतःच्या बाहेर उभे राहणे’. म्हणजे आपले भान हरपणे. एक शब्द आत जातो, एक बाहेर, पण दोन्हींचे ठिकाण एकच. मीपणा थोडा वेळ बाजूला ठेवायचा. एकट्याने हे करायला गेले तर धोका असतो. सगळ्यांनी मिळून, ठरलेल्या पावलांत, ठरलेल्या रात्री केले, तर माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सुखरूप शेतावर जातो. वारीतल्या पावल्या पाहिलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बेभान व्हायलाही शिस्त लागते. ग्रीकांना ते ठाऊक होते, माडियांना ठाऊक आहे. डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्यांना ठाऊक असेल असे वाटत नाही. असो.

आता ते एकसुरीपण. इथे मला अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘प्रश्न’ नावाच्या ग्रंथाचा आधार मिळाला. त्यात विचारले आहे की, डिथिरॅम्बमध्ये पूर्वी कडव्याला जोडकडवे असे, तीच चाल पुन्हा येई, ते पुढे का नाहीसे झाले? उत्तर असे दिले आहे की, पूर्वी स्वतंत्र नागरिक स्वतःच या रिंगणांत उभे राहत. पुष्कळ माणसांनी एकत्र गायचे तर चाल सोपी, पुन्हापुन्हा येणारी असावी लागते. नंतर स्पर्धेत तरबेज झालेले धंदेवाईक गायक आले. त्यांना अवघड, सतत बदलत्या चाली म्हणता येत होत्या. मग गाणे त्यांच्या गळ्याच्या मापाने बेतले जाऊ लागले.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. आम्ही ज्याला एकसुरी म्हणून नाक मुरडतो, ते या गाण्याचे दार आहे. दोन-चार सुरांची चाल असते म्हणून सात वर्षांची पोर आणि सत्तर वर्षांची आजी एकाच ओळीत येऊ शकतात. लहान मुलांच्या पायांना झेपावे म्हणून पाऊल सोपे. नवख्यालाही पुढची ओळ सुचावी म्हणून ती परत येणारी. चाल कठीण केली की दार बंद. मग आत थोडे लोक आणि बाहेर बघ्यांची गर्दी.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात मेलानिपिडीस, फिलॉक्झेनस, टिमोथिअस अशी नव्या संगीताची मंडळी पुढे आली. मोठे प्रतिभावान लोक, यात शंका नाही. त्यांनी एकट्याने गाण्याच्या जागा घातल्या, वाद्याचे कसब वाढवले, प्रसंग हुबेहूब उभे करण्याची चढाओढ लावली. प्लेटोने यावर बरीच आदळआपट केली. पण प्रेक्षकांना ते आवडत होते. टाळ्या वाढल्या, गाणाऱ्यांची नावे मोठी झाली. स्पर्धा पुढे शेकडो वर्षे चालू राहिल्या. म्हणजे गाणे संपले असे कोणाला वाटलेही नाही. पण त्याची मालकी रिंगणाकडून नामवंतांकडे गेली होती. पुढे युरोपातल्या भाषांत ‘डिथिरॅम्बिक’ हे विशेषण फुगवलेल्या, अवास्तव स्तुतीच्या भाषेला लागू लागले. हजार माणसांच्या गाण्याची ही शेवटची ओळख!

इथे एक काळजी घ्यायला हवी. स्पर्धेनेच घात केला असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही. स्पर्धेच्या पहिल्या पाऊणशे वर्षांतच तर पिंडार आणि बॅकिलिडीस झाले. जोवर गणातलीच माणसे गात होती तोवर स्पर्धेने चुरस आणली, तालीम आणली. घात झाला तो गाणारा बदलल्यावर.

आणि उरले काय? पिंडारच्या डिथिरॅम्बांचे दोन खंड अलेक्झांड्रियाच्या विद्वानांनी लावून ठेवले होते. आज त्यांचे तुकडे आहेत. त्याच पिंडारची खेळाडूंच्या विजयाची गीते मात्र जवळपास पूर्ण टिकली. बॅकिलिडीसचे तर नावच काय ते राहिले होते. १८९६ मध्ये इजिप्तमधून एक पपायरसची गुंडाळी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचली, दुसऱ्या वर्षी फ्रेडरिक केन्यन यांनी ती छापली, आणि त्याच्या सुमारे वीस कविता जगाला परत मिळाल्या. त्यात काही डिथिरॅम्ब आहेत. शब्द आहेत म्हणजे. चाल नाही, पाऊल नाही. डेल्फीला १८९३ मध्ये फ्रेंच उत्खननात अपोलोची दोन स्तोत्रे स्वरचिन्हांसह दगडावर कोरलेली सापडली, तेवढ्यांची चाल बऱ्याच अंशी लागते. पण नाचणारे पाय दगडावर कोरता येत नाहीत.

अथेन्समध्ये एक स्मारक अजून उभे आहे. लायसिक्रेटीस नावाच्या श्रीमंताने इ.स.पू. ३३५-३३४ मध्ये आपल्या खर्चाने उभे केलेले मुलांचे रिंगण जिंकले, त्याच्या आठवणीचे. सुरेख गोल बांधकाम, संगमरवरी खांब. त्यावर कोरले आहे: खर्च करणारा अमुक, जिंकणारा गण अमुक, ऑलॉस वाजवणारा अमुक, शिकवणारा अमुक, त्या वर्षीचा शासनाधिकारी अमुक. गाणाऱ्या पोरांपैकी एकाचेही नाव नाही. आणि ते गाणे कोणते, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. बक्षिसाचा दगड राहिला, गाणे गेले.

हे वाचताना मला कार्यक्रमांचे फ्लेक्स आठवले, हे कबूल केले पाहिजे. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, स्वागतोत्सुक, सौजन्य... आणि तळाशी ‘आदिवासी नृत्य’.

तर आता आमच्याकडे येऊ. शाळांच्या स्नेहसंमेलनांत, महोत्सवांत, स्पर्धांत रेला हमखास असतो. बारा-सोळा मुले-मुली एकसारख्या पोशाखात येतात, स्टेजवर सरळ रांगेत, तोंड पाहुण्यांकडे करून उभी राहतात. (आठवला ना तो चौकोन?) गाणे पेनड्राइव्हवरून वाजते. मुले ओठ हलवतात. सहा-सात मिनिटांत आटोपते, कारण यादीत अजून लावणी आहे आणि देशभक्तिपर गीत आहे. टाळ्या पडतात. रिंगणात प्रत्येकाला प्रत्येकाचे तोंड दिसते. रांगेत मुलाला फक्त पाहुणे दिसतात.

माझा एक जुना विद्यार्थी, माडिया समाजातला, आता स्वतः शिक्षक आहे. मी हे सगळे त्याला ऐकवले. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, “गुरुजी, तुम्ही म्हणता ते खरं. पण माझा बाप तालुक्याला बाजारात गेला, तर माडिया बोलायला लाजायचा. कोणी ऐकलं तर हसत. माझी पोरगी त्याच तालुक्याला स्टेजवर गाते, आणि लोक मोबाईल काढून फोटो घेतात. हे कमी आहे का?”

मी म्हणालो, “कमी नाही रे.”

“आणि दुसरं,” तो म्हणाला, “रागवू नका, पण आम्ही जसेच्या तसे राहावे असं बाहेरच्यांना फार वाटतं. मोटारसायकल चालते, मोबाईल चालतो, गाणं तेवढं जुनं पाहिजे. कोणासाठी?”

या दोन प्रश्नांना उत्तर दिल्याशिवाय माझ्या मताला काही किंमत नाही. पहिल्याविषयी त्याचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. स्टेजने लाज घालवली, हे स्टेजचे फार मोठे काम आहे. म्हणून स्टेज बंद करा असे मी म्हणतच नाही. दुसऱ्याविषयी सांगायचे तर रेला कधी जुना नव्हताच. मी ऐकलेल्या गाण्यांत एसटी आली, फॉरेस्टचा गार्ड आला, रोजगार हमीचा मस्टर आला. आदल्या दिवशी घडलेली गंमत दुसऱ्या रात्री ओळीत बसायची. आता खाणीचे ट्रक येतील, मोबाईलची रेंज येईल. येऊ देत. गोंडीत नवी गाणी करून पोरे मोबाईलवर टाकतात, तीही मला आवडतात. गाण्याचा विषय, पोशाख, वाद्य बदलले म्हणून माझे पोट दुखत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की, म्हातारीने ओळ उचलली तर ती झेलायला पोरगी तिथे आहे का?

आणि खरी अडचण तिथेच आहे, स्टेजवर नाही. आमच्या भागातली कितीतरी मुले सहा-सात वर्षांची झाली की निवासी आश्रमशाळेत जातात. शिक्षण पाहिजेच, यावर दुमत नाही. सगळा जन्म मी तेच काम केले. पण वर्षातले बहुतेक महिने मूल गावाबाहेर असते. नव्या धान्याचे, बियाण्याचे पंडुम त्याच्यामागे होऊन जातात. मोह गळायच्या दिवसांत परीक्षा असतात. मे महिन्यात लग्ने असतात आणि मुले घरी असतात, तेवढे नशीब. प्लूटार्क, जो स्वतः डेल्फीचा पुजारी होता, सांगतो की तिथे हिवाळ्याचे तीन महिने डिथिरॅम्ब गात आणि उरलेले नऊ महिने अपोलोचे स्तोत्र. गाण्याला हंगाम असतो. त्या हंगामात माणूस तिथे नसला, तर ते त्याला कोणत्या तासाला शिकवणार? चित्रकलेच्या, की कार्यानुभवाच्या?

काही जण म्हणतील, एवढी काळजी वाटते तर रेकॉर्ड करून ठेवा. करायलाच पाहिजे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून लिंगोचे गोंडी गाणे उतरवून घेतले. हिस्लॉप १८६३ मध्ये वारले आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद छापले, म्हणून ते आज आपल्याला वाचता येते. व्हेरिअर एल्विन आणि आपले शामराव हिवाळे यांनी मैकल डोंगरातल्या लोकगीतांचा संग्रह १९४४ मध्ये काढला. यांचे उपकार थोर आहेत. पण हे सगळे पपायरसच्या जातीचे काम आहे. शब्द सुखरूप राहतात, रिंगण राहत नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे २९ लाखांवर होते. एवढी माणसे हयात असताना आपण पपायरसची तयारी करत बसावे, हे काही बरे नव्हे.

आणखी एक गोष्ट ग्रीकांच्या कौतुकात राहून जाते. अथेन्सच्या त्या हजारांत बाई एकही नव्हती आणि गुलामही नव्हता. रेल्यात निम्म्या बाया असतात, आणि पुष्कळदा ओळ उचलणाऱ्या त्याच. ज्याला आपण ‘मागास’ म्हणून जिल्ह्याच्या नावापुढे विशेषण लावतो, तिथले रिंगण लोकशाहीच्या त्या माहेरघरापेक्षा मोठे आहे. याची जाण आपल्याला असावी.

मग करावे काय? मास्तर माणूस उपाय सांगितल्याशिवाय थांबत नाही, म्हणून तीन साध्या गोष्टी सांगतो. पैसे फारसे लागत नाहीत.

पहिली. स्नेहसंमेलनात स्टेजवरचा रेला हवा तर ठेवा, पण शेवटी एक तास मैदानावर रिंगण धरा. पेनड्राइव्ह बंद. मुलांनी स्वतः म्हणायचे, पालकांनी, स्वयंपाकीणबाईंनी, शिक्षकांनी, आणि हो, प्रमुख पाहुण्यांनीसुद्धा साखळीत यायचे. पाहुण्यांची पावले चुकतील. मुले हसतील. फार चांगले होईल. जे मूल वर्गात मराठीच्या धड्यापाशी अडखळते, ते त्या तासाला साहेबांचे पाऊल सुधारून देईल.

दुसरी. मुख्याध्यापकांच्या अधिकारात थोड्या सुट्ट्या असतात. गावागावाच्या पंडुमाची तारीख वेगळी असते, त्यामुळे सगळ्या शाळेला सुट्टी देता येत नाही, हे मला कळते. पण पालक न्यायला आले, तर त्या गावच्या मुलांना दोन दिवस सोडावे आणि हजेरीत त्याची नोंद गैरहजर म्हणून करू नये. मूल शिकायलाच गेलेले असते. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळाच सुरू केली. सगळ्यांना तेवढे जमणार नाही. दोन दिवस तरी जमावेत.

तिसरी. जे कोणी रेकॉर्डिंग करतात, त्यांनी एका सुंदर आवाजाच्या मुलीला बाजूला बसवून माईक धरू नये. पूर्ण रिंगण टिपावे. ओळ कोणी उचलली, कोणी झेलली, गाव कोणते, निमित्त काय, पावले कशी पडली हे लिहावे. गाणारे हो म्हणत असतील तर सगळ्यांची नावे लिहावीत, लायसिक्रेटीसच्या दगडासारखे करू नये. आणि एक प्रत गावात ठेवावी.

हे फक्त माडियांपुरते आहे असे कृपया समजू नका. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईला दंडार होते. इथल्या नाटकांचे मूळ जाणकार त्या दंडारीतच शोधतात, अगदी डिथिरॅम्ब आणि शोकांतिकेसारखे. वडसा गावाहून निघालेल्या नाटक कंपन्या आज गावोगावी हजारोंची गर्दी खेचतात, परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्रीही मिळाली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण दंडारीत टिपरी धरणारे हात किती राहिले, तेही मोजायला हवेत. विदर्भातल्या भुलाबाईचे, तिकडच्या भोंडल्याचे काय झाले तेही आठवून पाहा. हत्तीभोवती फेर धरणाऱ्या मुलींना एकही सूर कठीण जात नव्हता. आता हॉल असतो, निवेदिका असते, माईक असतो, आणि बाकीच्या खुर्च्यांवर बसून खिरापतीची वाट पाहतात.

गाणे उत्तम व्हावे असे कोणाला वाटत नाही? मलाही वाटते. मैफलीतले कठीण गाणे मी मान डोलावून ऐकतो. पण काही गाणी उत्तम होण्यासाठी नसतात, सगळ्यांना म्हणता यावीत म्हणून असतात. त्यांना परीक्षकाच्या खुर्चीसमोर उभे केले की ती लाजतात आणि नंतर निघून जातात. ग्रीकांकडे पिंडार होता, संगमरवर होता, लेखनकला होती, तरी ते रिंगण त्यांना राखता आले नाही. आमच्याकडे यातले फारसे काही नाही. म्हणणारी माणसे मात्र अजून आहेत, आणि ओळ उचललेली आहे.

तुमच्या गावात असे सगळ्यांना म्हणता येणारे गाणे कोणते? अजून म्हणतात, की स्पीकर लावतात? जरूर कळवा.